मागच्या रांगेतली

बैठकीच्या खोलीत भिंतीवर चिमणीचा एकच मोठा फोटो होता. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, खदाखदा हसणारी. एकदा वडिलांचे जुने मित्र घरी आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या उंच मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही थोरली का?"

"हो," चिमणी शांतपणे म्हणाली. "ती धाकटी. तिला मीच खाल्लं."

मित्र पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "हिचा एक नीट फोटो काढून घेऊ. स्टुडिओत."

"स्टुडिओ कशाला? माझ्या फोनमध्ये ढीग पडलाय," वडील म्हणाले.

"दाखवा बरं."

वडील औषधांच्या दुकानात कामाला. शेकडो खोक्यांतून हवी ती गोळी झटकन काढणारा माणूस, पण फोनमध्ये त्यांना स्वतःची लेक काही सापडेना. आठ-नऊ वर्षांपर्यंतची चिमणी उदंड होती. पुढे नुसता कॅमेऱ्यावर आलेला तळहात, अर्धी वेणी, पांघरुणातून बाहेर राहिलेला एक पाय. एका लग्नात ती होती खरी, पण मावशीच्या पाठीमागे. दिसत होता तो कान तेवढा.

चिमणीने ऐकलं तेव्हा तिने नाक मुरडलं. "दातांना तार, कपाळावर पुटकुळ्या, आणि तुम्हाला आत्ताच सुचतंय! तार निघाली की काढा."

"तोवर तू वेगळी झालेली असशील," आई म्हणाली. "मला ही हवीय."

"ही कुणाला आवडणारे?" चिमणी पुटपुटली.

"मला," आई म्हणाली. "आणि हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही."

रविवारी आईला नेमकी दवाखान्यात ड्युटी लागली. म्हणून वडीलच लेकीला घेऊन निघाले. स्टुडिओ चष्म्याच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने जायचं. आत राखाडी कागदाचा पडदा, एक स्टूल आणि उभ्या दांड्यावर पांढरी छत्री. फोटोवाल्या बाई बाह्या दुमडून तयारच होत्या.

"हस की जरा," वडिलांनी सुरुवात केली. "मान वर. अगं, हस ना. लहानपणी कशी हसायचीस?"

जितकं ते सांगत तितकं चिमणीचं तोंड फुगत चाललं. बाईंनी चार-पाच फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" त्या वडिलांना म्हणाल्या. "दार उघडंच ठेवते. तुम्ही हस म्हणालात की ती ओठ आवळून घेते."

वडील हिरमुसले, पण बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दाराला अर्धा पडदा होता. त्याखालून लेकीचे गुडघ्यापासूनचे पाय तेवढे दिसत होते. पायांत नवे बूट. आईच्याच मापाचे.

आतून बाईंचा आवाज आला, "तू उभी राहतेस तेव्हा गुडघे का वाकवतेस?"

"सवय झालीय."

"कसली?"

"वर्गाच्या फोटोची. मी सगळ्यात उंच. मागच्या रांगेत मुलांच्याही वर डोकं जातं माझं. मग मी थोडी वाकते. दर वर्षी."

वर्गाचे ते सगळे फोटो वडिलांनी पाहिले होते. शाबासकी देऊन कपाटात ठेवले होते. तिचे गुडघे काही त्यांना दिसले नव्हते. पुढे मुलं असायची ना.

"इथे रांग नाही," बाई म्हणाल्या. "हसली नाहीस तरी चालेल. उभी राहा फक्त, तुला बरं वाटेल तशी."

पडद्याखाली ते दोन पाय जरा चुळबुळले. एकमेकांपासून थोडे लांब झाले. मग गुडघे हळूहळू सरळ झाले. वडील श्वास रोखून बघत राहिले. ती पहिल्यांदा चालली तेव्हासुद्धा ते असेच, हात पुढे करून पण न धरता, बसले होते.

थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाजही आला. कशावरून, ते त्यांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

मग तिघं मिळून बाईंच्या संगणकावर फोटो बघू लागले. हसतानाच्या एका फोटोवर वडिलांनी लगेच बोट ठेवलं. तारेसकट सगळे दात दिसत होते, डोळे बारीक झाले होते. "हा! अगदी आपली चिमणी."

चिमणीने नकारार्थी मान हलवली आणि दुसरा दाखवला. त्यात ती ताठ उभी होती, ओठ मिटलेले, नजर सरळ समोर. कपाळावरची पुटकुळीही होती तिथेच.

"यात रागावल्यासारखी वाटतेस."

"रागावले नाहीये, बाबा. बघतेय."

वडिलांनी बाईंकडे आशेने पाहिलं. बाई चष्मा पुसत बसल्या. वडिलांनी परत फोटोकडे पाहिलं. ही मुलगी रोज सकाळी त्यांच्यासमोर चहात बिस्कीट बुडवून खात होती, आणि त्यांनी तिला अशी कधी पाहिलीच नव्हती. काय बघत असेल ती? विचारावंसं वाटलं. मग वाटलं, सांगेल तेव्हा सांगेल.

"हाच मोठा करा," ते म्हणाले.

"आणि तो हसरा?" बाईंनी विचारलं.

वडील घुटमळले. चिमणीनेच उत्तर दिलं, "तो छोटा द्या. बाबांच्या पाकिटात मावेल एवढा."

आठवड्याभराने फोटो आला. आई दवाखान्यातून दमून परतली तेव्हा तो भिंतीवर लागला होता. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बरा आलाय का?" आतल्या खोलीतून चिमणीने विचारलं. आवाज अगदी सहज होता, पण दाराआडून ती डोकावत होती, हे आईला दिसत होतं.

"इकडे ये," आई म्हणाली.

"कशाला?"

"ये तर."

चिमणी आली. आईने तिच्या खांद्यावर हात टाकला. हात थोडा वर न्यावा लागला. दोघी तशाच फोटोकडे बघत उभ्या राहिल्या, आणि वडील स्वयंपाकघरात जाऊन तिघांसाठी चहा टाकू लागले.