बिल्ला नंबर ४११२

माझ्या सायकलीला नागपूरने केव्हाच आपलं म्हटलं होतं. भांडण झालं ते माझ्यावरून.

चौऱ्याहत्तर साली शहर क्रीडा मंडळाने पहिल्यांदाच मुलींची सायकल शर्यत ठेवली. फलकावर लिहिलं होतं, 'नागपूर शहरातील शालेय विद्यार्थिनींसाठी.' वाचलं आणि सरळ नाव द्यायला गेले. धंतोलीतल्या शाळेत मी वाडीहून येते, जायला नऊ किलोमीटर आणि यायला नऊ. बाकीच्या पोरी फार तर बर्डीपर्यंत सायकल नेतात. शर्यत कोण जिंकणार हे मला ठाऊकच होतं, फक्त ती व्हायची राहिली होती.

शाळेच्या माडीवरच्या व्हरांड्यात टेबल टाकून मंडळाचे चिटणीस महादेवराव नावं लिहून घेत होते.

"नाव?"

"प्रेमिला कवडू गजभिये. दहावी ब."

"राहतेस कुठं?"

"वाडीले."

त्यांचा पेन थांबला. "वाडी नागपुरात नाही, बाई. जकात नाक्याच्या बाहेर आहे. तिथं ग्रामपंचायत."

"पण शाळा तर नागपुरात आहे न, सर!"

"शाळा आहे. तू नाहीस. उद्या काटोलची येईल, मौद्याची येईल. मी कोणाकोणाले घेऊ?"

मागे पुष्पलता उभी होती, माझ्याच बाकावरची. "अवं प्रेमिले, तू तं फॉरेनची निघाली वं!"

सगळ्या हसल्या. मागच्या वर्षी असं झालं असतं तर मी रडतच घरी गेले असते. पण यंदा संमेलनात मी अख्ख्या शाळेसमोर भाषण केलं होतं, आणि तेव्हापासून माझी जीभ काही गप्प बसायला तयार नव्हती.

मी खाली गेले आणि सायकल उचलून थेट टेबलापाशी आणली.

"हे काय?"

"हे वाचा, सर."

हँडलखाली तारेने बांधलेला पितळी बिल्ला होता. महानगरपालिकेचा, चालू सालचा, नंबर ४११२. शहरात सायकल चालवायची तर हा लागतोच. नसला तर चौकातला शिपाई चाकातली हवा सोडतो. बाबा दरवर्षी गिरणीत रजा टाकून तो आणतो.

"चौकात बिल्ला पाहतात तवा मी नागपूरची असते. शर्यतीले आली, का वाडीची झाली? सायकल नागपूरची, अन् तिच्यावर बसणारी परकी, असं कसं, सर?"

महादेवरावांनी खरंच वाकून बिल्ला वाचला. हे मला त्यांचं आवडलं. "सायकल आपली आहे," ते म्हणाले. "कबूल."

"मग सायकलीचंच नाव लिहा!"

आता हशा माझ्या बाजूचा होता. "लिहा न, सर!" पुष्पलताच ओरडली. त्यांनी डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'बिल्ला क्र. ४११२.' नावाचा रकाना कोरा, गावाचाही कोरा.

"पळू दे सायकल. पण तुले नागपूरची म्हणून मी लिहिलेलं नाही, ध्यानात ठेव."

घरी बाबाला सगळं सांगितलं. चेनला तेल घालताना तो म्हणाला, "छप्पन साली दीक्षेले याच रस्त्यानं पायी गेलो. कोणी पुसलं नाही, शहरातला का बाहेरचा."

रविवारी सकाळी शर्यत. शाळेपासून अमरावती रोडने वाडी नाक्यापर्यंत आणि परत. एकवीस पोरींच्या पाठीवर एक ते एकवीस, माझ्या पाठीवर ४११२. रस्त्यावरचे लोक विचारत होते, "बाकीच्या चार हजार कुठं गेल्या वं?"

विद्यापीठापुढचा चढ माझा रोजचा. तिथेच मी सगळ्यांना मागे टाकलं. नाक्यावर एक पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालून फिरायचं. मला रोज जाता-येता पाहणारे नाक्यावरचे कारकून आनंदराव ओरडले, "काहून वं, आज घरी नाही जात?"

"आज नाही, काका!"

नागपूरच्या पोरी जिथून परत फिरल्या, तिथून माझं घर अजून पुढेच होतं.

पहिली आले.

महादेवरावांनी माईकवर वाचलं, "पहिला क्रमांक, बिल्ला क्रमांक चार हजार एकशे बारा." टाळ्या वाजल्या, पण गोंधळलेल्या. पाहुण्यांनी कप पुढे केला. मी हात मागेच ठेवले.

"नाव वाचा, सर."

"लिहिलेलं नाही."

"मग लिहा."

"कप घे, बाई. पाहुण्यांचा हात दुखून राहिला."

"सायकलीले द्या मग. ती नागपूरची आहे."

अख्खं मैदान हसलं. पाहुणेही हसले, पण कप तसाच धरून उभे राहिले. महादेवरावांनी खिशातून पेन काढला. "प्रेमिला कवडू गजभिये," ते लिहिता लिहिता म्हणाले. "गाव?"

"वाडी."

"पुढं?"

"पुढचं तुम्हाले माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मग माईकवर पूर्ण वाचलं. वाडी, नागपूर. तेव्हा मी कप घेतला.

परतताना तो कॅरिअरला फडक्याने बांधला होता. नाक्यावर आनंदरावांनी दांडा आडवा धरला. "काय माल आहे वं?"

"नागपूर, काका," मी म्हणाले. "वाडीले घेऊन चालली."