पिवळी एकोणीस

वाचनालयाच्या दर्शनी बाजूला बहात्तर रोपं होती. एकेचाळीस गडद हिरवी, बारा फिकट आणि एकोणीस पिवळी. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून, फडकं हातात धरून, मावशीने ती दोनदा मोजली. आठवड्यापूर्वी पिवळी अकरा होती.

रोपं तिचीच. मागच्या आवारातल्या रोपवाटिकेत तिने ती फांद्यांपासून चार वर्षं वाढवली होती. त्यांचं बारमाही हिरवं कुंपण व्हायचं होतं. लागवडीच्या दिवशी नव्या बागप्रमुखाने दोन टोकांना खुंट्या ठोकल्या आणि कमरेच्या उंचीवर दोरी ताणली. माणूस इतका ताठ चालायचा, की पाठीमागे सगळे त्याला गवंड्याच्या सरळ लोंबणाऱ्या दोरीवरून ओळंबाच म्हणत. संचालकबाई पाहणीला येणार होत्या, म्हणून ओळंब्याला झाडून सगळे शेंडे दोरीला टेकलेले हवे होते.

"साहेब, दोरी पायाशी धरतात," मावशी म्हणाली. "उंच रोप खोल पुरलं तर खोड मातीत गुदमरतं. शेंडे काय, नंतर कात्रीने सारखे करता येतील."

"खड्डे खोल घ्यायचा कंटाळा आलाय, असं सरळ सांगा की," ओळंबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उद्यापासून जिने पुसा. तिथे खोदायचं काही नसतं."

माणसं हसली. कोण कोण हसलं, तेही मावशीने मोजलं. सहा.

महिन्याभरात पानं पिवळी पडू लागली, आणि तीही उंच रोपांची, म्हणजे सगळ्यांत चांगल्या रोपांची. ओळंब्याने आधी पाणी वाढवलं, मग लोहाचं औषध फवारलं, मग खत टाकलं. काहीच लागू पडेना, तेव्हा त्याने कार्यालयात लिहून दिलं : रोपं मुळातच रोगट होती, सबब रोपवाटिका बंद करून उरलेली रोपं जाळावीत. निर्णय शुक्रवारी होणार होता.

मागे अजून तीनशे दहा रोपं होती.

"मावशी, आत्ताच सांगून टाका ना," दारावरचा पहारेकरी म्हणाला. चहाच्या वेळी तो जिन्यावर येऊन बसायचा. "उचलून वर लावली तर वाचतील म्हणता. शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?"

"आज सांगितलं तर तो गुपचूप उचलून लावेल. चार दिवसांत पानं हिरवी, आणि शाबासकी कुणाला?"

"पण जीव जातोय त्यांचा. तुमची पोरं आहेत ती."

"माझी आहेत म्हणूनच." तिने फडकं पिळलं. "माझ्या पोरांना रोगट म्हणाला तो. आता बाईंसमोर गुडघे टेकू दे."

पहारेकऱ्याने चहा अर्धाच प्यायला.

शुक्रवारी संचालकबाई कुंपणापाशी आल्या. ओळंबा रोगाची लक्षणं समजावून सांगत होता, तेवढ्यात मावशी बादली घेऊन खाली उतरली.

"बाई, साहेबांना यातलं एक उकरायला सांगा. हातानेच. खुरप्याने साल सोलली जाईल."

"कुणाला तरी बोलावतो," ओळंबा म्हणाला.

"कशाला? माती भुसभुशीत आहे. फार जोर लागायचा नाही."

बाईंनी मान हलवली. ओळंब्याने कडक इस्त्रीची पँट सावरत एक गुडघा टेकला, मग दुसरा. बोटं गेली, पंजा गेला, मनगट गेलं, तरी मुळं लागेनात. कुजका वास आला. साल काळी पडून त्याच्या नखांत आली. मागे उभ्या असलेल्या सहाजणांपैकी कुणीही हसलं नाही.

"लागवड कुणी केली?" बाईंनी विचारलं.

ओळंबा नखांतली साल काढू लागला.

"पुढचं उकरा, साहेब," मावशी म्हणाली. "अजून अठरा आहेत."

बाईंनी पुस्तकबांधणीच्या खोलीतून पोलादी पट्टी मागवली. ओळंबा उकरत गेला, मावशी मोजत गेली आणि बाई लिहून घेत गेल्या. दुपार झाली. मग तुलनेसाठी त्याच्याकडून पाच हिरवी रोपंही उकरून घेतली.

हिरव्या पाच रोपांचं मातीखाली गेलेलं खोड : एक ते दोन सेंटीमीटर. पिवळ्या एकोणीस रोपांचं : नऊ ते चौदा. त्या एकोणिसांपैकी जिवंत मुळं असलेली रोपं : दोन.