पाचोळ्याचं खत

गांडूळ नऊ सेंटिमीटर लांब होतं आणि अगदी ठणठणीत होतं. मी चाळणीवर माती पसरली तेव्हा ते वर आलं, जरा थबकलं आणि कडेवरून खाली उतरायच्या खटपटीला लागलं. माळीकाकांनी त्याला दोन बोटांत अलगद उचललं आणि गुलाबाच्या बुंध्याशी सोडलं.

"बघा ताई, याला काही झालंय का? माती वाईट असती तर हे इथे कशाला राहिलं असतं?"

"गांडुळाला शिसं फारसं बाधत नाही, काका. लहान मुलांना बाधतं."

"म्हणजे गांडूळ व्हायला हवं होतं," पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या काकू म्हणाल्या. "यांना सहज जमलं असतं. जन्मभर मातीत तोंड खुपसूनच बसलेत."

"आणि तू माझ्या नावाने शेंगा सोलतेस."

"मग? फुलं शिजवू?"

मी शिसं मोजायच्या यंत्राचं तोंड मातीला टेकवलं. मिनिटभराने आकडा आला. एका किलो मातीत सहाशे दहा मिलिग्रॅम शिसं. मर्यादा दोनशेची.

जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती. धुराड्यातून उडालेली धूळ मात्र आसपासच्या अंगणांत तशीच होती. ती माती फूटभर खोल काढून नवी भरायची, यासाठी सरकारने निधी दिला होता. धुराड्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेली अंगणं काही न विचारता खणली जात. त्यापलीकडच्या घरांना निधी हवा असेल, तर शिसं कारखान्याचंच आहे हे सिद्ध करावं लागे. घरांच्या जुन्या रंगातही शिसं असतं; सिद्ध झालं नाही, तर कागदावर 'जुना रंग' असं कारण पडे आणि खर्च घरमालकाच्या माथी येई.

ही गल्ली धुराड्यापासून दीड किलोमीटरवर होती, तीही वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला. इथे काहीच सापडायला नको होतं. सव्वीस अंगणांपैकी सतरा स्वच्छ निघाली, नऊ निघाली नाहीत. जुन्या रंगाचे पोपडे भिंतीलगत पडतात, म्हणून मी भिंतीलगत मोजलं. तिथे आकडे कमी होते. वाढत होते ते वाफ्यांत. या नऊ घरांमध्ये एकच गोष्ट समान होती. गल्लीतल्या सगळ्यांत सुंदर बागा त्यांच्या होत्या. तीन आठवडे मी त्यापुढे सरकले नव्हते.

"बैठक कधीये म्हणालात?" काकांनी विचारलं.

"शुक्रवारी. ती शेवटची. त्यानंतर निधीची यादी बंद."

मी शेजारच्या घरी जायला निघाले तर माझी पेटी उचलून काकाही सोबत आले.

शेजारच्या शिक्षिकाबाई नुकत्याच निवृत्त झालेल्या. मुलगी आणि दोन वर्षांची नात त्यांच्याकडेच राहत. नातीच्या रक्तातलं शिसं नऊवर गेलं होतं. पाचाच्या वर गेलं की डॉक्टर लक्ष ठेवतात. घाबरण्याइतकं नव्हतं, पण नात दिवसभर वाफ्यात खेळायची आणि नवी माती भरायची तर बाईंची वर्षाची पेन्शन गेली असती.

मी घेवड्याच्या मुळाशी मोजलं. पाचशे ऐंशी.

"कमालच आहे," बाई म्हणाल्या. "या मातीत मी कधी विकतचं काही घातलं नाही हो. सगळं काकांच्या पोत्यांवर पोसलंय."

"कसली पोती?"

"खताची. दर वर्षी दोन, दारात आणून द्यायचे. पैसे दिले तर रागवायचे. कारखान्यात माळी होते ना, तिथलं ते."

काका एका शेंगेवरची कीड निरखून बघत होते. मला दिसत होतं त्याप्रमाणे शेंगेवर कीड नव्हती.

काकांच्या अंगणात परत आलो तेव्हा त्यांनी पेटी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मी विचारलं नव्हतं.

"सव्वीस वर्षं केली नोकरी. आत भट्टी, धूर, खोकला. आणि फाटकातून आलं की माझी बाग. ट्रकवाले वळण सोडून लांबून जायचे, वाफ्यावर चाक नको म्हणून. झाडं मोठी होती, धुराड्याच्या अगदी बुडाशी. पानं पडायची ढिगाने. फेकायची कशाला? खड्ड्यात कुजवली. सहा महिन्यांत असं खत व्हायचं, हातात घेतलं तर भुरभुरायचं. म्हटलं, एकट्या कारखान्याने काय करायचं एवढं? दिलं गल्लीत."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली. पत्रक वाटलं होतं, धूळ कुठे कुठे बसते ते. त्यात झाडाच्या पानाचं चित्र होतं."

"आणि दोन वर्षं रोज रात्री उशीवर डोकं ठेवलं की म्हणतात, उद्या सांगतो," काकू म्हणाल्या. "इतके उद्या तर कॅलेंडरात नसतात."

"ताई, तुम्हीच लिहा ना तुमच्या अहवालात. तुम्हाला कळलंच आता."

"मी लिहीन, पण ते ऐकीव ठरेल काका. ज्याने टाकलं त्याला सांगावं लागतं. सहीनिशी."

त्यांनी हातावरची माती झटकली. "या गल्लीत मी कुठल्याही दाराशी उभा राहिलो ना, तर आतून आधी चहाचं भांडं वाजतं. शनिवारी वाजेल का?"

"नाही वाजलं तर घरी या," काकू म्हणाल्या. "तुम्हाला चहा द्यायला कोणी बंदी नाही केलेली मला."

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात पन्नासेक माणसं होती. माझं मोजमाप मी मांडलं. आकडे वाफ्यांत जास्त आहेत, रंगाशी जुळत नाहीत, एवढंच मला म्हणता येत होतं. निधीच्या अधिकाऱ्याने मान हलवली. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे नियम छापलेला होता.

"दीड किलोमीटरवर धूळ गेल्याचा पुरावा नाही. नऊ घरं, कारण अज्ञात, बहुधा जुना रंग. कोणाची हरकत?"

शिक्षिकाबाईंच्या मांडीवर नात झोपली होती. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. काका उभे राहिले. काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, बाकी काही केलं नाही.

"बोला काका. पण थोडक्यात," अधिकारी म्हणाला.

"रंग नाही साहेब, खत आहे ते. कारखान्याच्या धुराड्याखालचा पाचोळा कुजवून मी केलेलं." त्यांचा आवाज सुरुवातीला बसका होता, मग मोकळा झाला. शिक्षिकाबाई मागे वळल्या. काकांनी त्यांच्याकडेच बघून पुढचं सांगितलं. "मला माहीत नव्हतं तेव्हा दिलं, बाई. माहीत झाल्यावर सांगितलं नाही, ते माझं चुकलं."

अधिकाऱ्याने पेनचं टोपण काढलं. "नऊ घरांत तुम्हीच दिलंत? नक्की?"

"नऊ या गल्लीत. मागच्या गल्लीत सहा आहेत, तिथे तुमचं यंत्र अजून गेलेलं नाही. पोती मी स्वतः खांद्यावरून नेलीत साहेब, एकेक दार पाठ आहे. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."