पश्चिमेकडे बघून

"दोरीला हात घालायच्या आधी पश्चिमेकडे बघायचं. घड्याळ काय, कुणीही बघतं. आभाळ आपण बघायचं."

माझ्याआधी देवळाची घंटा वाजवणाऱ्या लेओन्तीन मावशीनं हे सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्याला बावन्न वर्षं झाली. रोज सकाळी, तोंडात पावाचा तुकडाही न घालता, मी टेकडीवरच्या मरियामातेच्या देवळापर्यंत चालत जाते. सातला तीन, तीन, तीन आणि मग नऊ ठोके. हवा बिघडणार असेल तर त्यापुढेही घंटा थांबवायची नाही. शेतात पडलेलं गवत आत घ्या, असा त्याचा अर्थ.

ऑगस्ट सरत आला होता. सोमवारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मला शहरात जायचं होतं, आणि माझ्यामागे घंटेला विजेची मोटर बसवायचं गावच्या सभेत जवळजवळ ठरलंच होतं. मोटर वेळ चुकवणार नाही, पण ती आभाळ बघणार नाही, एवढंच मी म्हणाले होते. तेही कुणाला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी वर जाताना कुंपणाशी फिर्मँ भेटला. लहानपणी त्याला प्रार्थना मीच शिकवल्या; लग्नानंतर मात्र त्यानं देवळाचा उंबरा ओलांडलेला नाही. पन्नाशी झाली तरी मला बाईच म्हणतो.

"काय बाई, गुडघा कुरकुरतोय की पाऊस येतोय?"

"दरीतली आगगाडी ऐकू येतेय रे. आणि ते डोंगर बघ, हात लावावा इतके जवळ आलेत. तुझे गवताचे गठ्ठे आत घे."

त्यानं फोन माझ्या नाकापुढे धरला. "हे बघा. दिवसभर ऊन! मागच्या वर्षी तुम्ही अख्खं गाव पळवलंत, आणि पडलं काय? चार थेंब. आमची बायको मातुरीन अजून हसते."

"हसू दे."

"आज पाऊस पडला ना, तर उद्यापासून तुम्ही बऱ्या होऊन येईपर्यंत घंटा मी वाजवीन. झालं?"

"उपाशीपोटी?"

"उपाशीपोटी!" म्हणत तो मोठ्यानं हसला.

वर पोचले. ओकच्या झाडांमागे एक बारीक जांभळी रेघ होती. मागच्या वर्षीही अशीच होती. दोरी हातात धरून मी उभी राहिले. आज चुकले तर या घंटेकडे पुन्हा कुणी मान वर करून बघणार नव्हतं. मावशीलाही अशी भीती वाटायची का? तिनं कधी सांगितलं नाही.

मी नऊ ठोके दिले आणि थांबले नाही. खांदे भरून आले, तरी नाही.

खाली पहिला हलला तो फिर्मँचाच ट्रॅक्टर. शिव्या चालल्या होत्या, बहुधा मलाच. मग वरच्या आळीचा दुसरा, मग तिसरा. साडेदहाला शेवटचा गठ्ठा छपराखाली गेला आणि अकराला गारा आल्या, हिरव्या सालीतल्या अक्रोडाएवढ्या. माझ्या खिडकीची एक काच फुटली. ती मी अभिमानानं झाडून काढली. देव क्षमा करो.

संध्याकाळी मातुरीननं प्लमचा केक पाठवला. निरोप काही नव्हता. फिर्मँ फिरकला नाही. थट्टेत बोललेलं कुणी धरून बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला एका पायात बूट चढवून मी खिडकी उघडली. धुक्यातून कुणीतरी टेकडी चढत होतं. फिर्मँ. पायीच, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, जो तो फक्त दफनविधीला घालतो.

वळणावर तो थांबला. खिशातला फोन त्यानं काढला नाही. टोपी मागे सारून पश्चिमेकडे बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा चढू लागला.