एका दमात

एल्कोच्या गुरांच्या बाजारात वेन्डेल प्रुइटने उभी हयात लिलाव पुकारला. मिनिटाला तीन गाई विकणारी जीभ, पण ‘माझ्याबरोबर जेवायला चला’ हे व्हर्नाला विचारायची वेळ आली की त्याच जिभेला कुलूप लागायचं.

व्हर्ना दर गुरुवारी दुपारी क्लबात पोकरचे पत्ते वाटायची. आज तिचा शेवटचा गुरुवार. ती टूसॉनला बहिणीकडे कायमची राहायला चालली होती. वेन्डेल नवाकोरा शर्ट घालून आला होता. एक डाव झोकात जिंकायचा आणि त्या भरात विचारून टाकायचं, असा त्याचा बेत.

पहिल्याच डावात विचार करता करता त्याने टेबलावर बोटांनी टकटक केली. खोड जुनीच.

“वेन्डेल डावात आहेत, पण लावत काही नाहीत,” व्हर्नाने जाहीर केलं.

“अहो, मी विचार करत होतो.”

“टेबलावर टकटक केली की तिचा अर्थ एकच.”

पुढच्या डावात त्याला तीन राजे आले. समोर हार्डवेअरवाल्या डेलने पन्नास लावले. वेन्डेल ऐटीत मागे रेलला. “तुझे पन्नास मान्य...” इथे त्याने डेलचा चेहरा उतरतो का ते पाहून घेतलं. “...आणि वर दोनशे.”

“मान्य म्हणालात तिथेच बोली संपली,” व्हर्ना म्हणाली. “पन्नासच धरणार. समोरच्याचं तोंड बघत तुकड्यातुकड्यानं वाढवायचं नाही. काय ते एका दमात.”

डेल खो खो हसला. “वेन्डेल, हातोडा पडल्यावर तू कुणाची बोली घेत होतास का रे?”

वेन्डेल डाव जिंकला, पण झोक गेला तो गेलाच. आपण गाढव आहोत याबद्दल त्याला आता शंका उरली नाही. व्हर्नाशीही तो इतके दिवस हेच करत आला होता. एक पाऊल पुढे टाकायचं, तिचा चेहरा बघायचा आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून मागे यायचं.

“व्हर्ना, तुम्ही गेल्यावर गुरुवार जरा...”

“जरा काय?” पत्ते पिसायचे थांबवून ती त्याच्याकडे बघू लागली.

वेन्डेलने श्वास घेतला. “जाऊ नका, माझ्याशी लग्न करा.”

डेलच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. सगळ्यात जास्त दचकला तो वेन्डेल. “म्हणजे, मला जेवायला चला असं विचारायचं होतं...”

“तोंडून गेलेली बोली मागे घेता येत नाही.” व्हर्नाचे कान लाल झाले होते. हातातले पत्ते तिने नीट जुळवून खाली ठेवले. मग तिने टेबलावर बोटांनी टकटक केली.

“आता याचा काय अर्थ?” डेलने विचारलं.

“डावात आहे. अजून लावत काही नाही,” ती म्हणाली. “आणि वेन्डेल, कॉलरमागे किमतीची चिठ्ठी लोंबतेय, ती काढ आधी.”

आजवर ती त्याला अहो-जाहोच करत आली होती.