विषाणूला सोवळं कळत नाही

ह्यांच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली. दाढी करताना हाताला लागली तेव्हा म्हणाले, "डास चावला असेल." तो डास चांगला दोन महिने चावत होता. शेवटी मी एकभुक्त राहायला लागले, तेव्हा कुठे हे दवाखान्यात यायला तयार झाले. देवापेक्षा ह्यांना माझ्या उपवासांचा धाक जास्त.

डॉक्टर कामाक्षी पस्तिशीची असेल. तपासण्यांचे कागद चाळून तिने विचारलं, "तंबाखू?"

"सुपारीसुद्धा नाही," हे म्हणाले. आयुष्यभराचं पुण्य एका वाक्यात मांडल्यासारखं.

"मग जुळतंय. टॉन्सिलचा कॅन्सर आहे, पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे झालेला. त्यातल्या त्यात बरी बातमी ही, की हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. किरणं द्यायची, जोडीला थोडी केमो. उशीर मात्र नको."

एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण हा विषाणू घशापर्यंत पोचतो कसा, हेही तिने सांगितलं. आधी इंग्रजीत, मग आमचे चेहरे बघून तमिळमध्ये; चेन्नईत इतकी वर्षं काढल्यावर तेही कळतं. आवाज जराही न उतरवता, आणि दार उघडं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, मी फरशीकडे. "तीस वर्षांपूर्वीही आलेला असू शकतो," ती म्हणाली. "बहुतेकांना कधी ना कधी येतो आणि आपला आपण जातो. एखाद्याचा राहतो. कोणाकडून आला हे शोधू नका, ते कळत नाही."

आमच्या वेलचेरी स्टेशनला उतरलो. जिन्यावर हे म्हणाले, "विद्याला घशाची गाठ एवढंच सांग."

विद्या म्हणजे माझी नणंद, विद्युलतावन्सं. त्यांच्या यजमानांच्या आवडीच्या नोकरीमुळे, म्हणजे आवडी गावातल्या कारखान्यातल्या, चेन्नईला आल्या त्या इथल्याच झाल्या. आता मुलाकडे, क्षितिजकडे असतात. क्षितिज सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यामुळे प्रिंटरपासून यकृतापर्यंत सगळं त्याला कळतं, असं घरात ठरलेलं आहे. त्याने रिपोर्टचा फोटो मागून घेतला आणि संध्याकाळी फोन केला.

"मामी, हळदीतल्या द्रव्याने विषाणूवाल्या पेशी मरतात. ग्रीन टीतल्यानेही. ब्रोकोलीच्या मोडांवरही काम चाललंय."

"कुठे मरतात रे?"

"प्रयोगशाळेत. काचेच्या बशीत."

"छान," मी म्हटलं. ह्यांना बशीत कसं बसवायचं, ते तेवढं विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात विज्ञान आलं. सकाळी ग्रीन टी, दुपारी मोड, रात्री मिरपूड घातलेलं हळदीचं दूध. ज्यांनी आयुष्यात तुळशीला एक तांब्या पाणी घातलं नाही, ते रोज सकाळी कुंडीपाशी उभे राहून तिच्यातली द्रव्यं फोनवर वाचू लागले. मी इतकी वर्षं तुळशीला हळदीकुंकू वाहते, संध्याकाळी दिवा लावते. तिला कामाला जुंपायचं मला कधी सुचलं नाही. शिकलेल्या माणसांची दृष्टीच वेगळी.

किरणांच्या आधी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून घ्यायचा असतो, म्हणजे रोज मान त्याच जागी राहते. त्याची तारीख मिळाली. त्या दिवशी अमावास्या निघाली. पुढची मिळाली तेव्हा हे म्हणाले, राहुकाळात येते. एकदा तर म्हणाले, पाऊस आला आणि वेलचेरीत पाणी भरलं तर परत यायचं कसं? बाहेर ऊन असं की गच्चीवरचे पापड तळून निघावेत. निवृत्त होईपर्यंत पंचांगाला जे भिंतीचा डाग लपवायचा कागद समजत होते, ते एका गाठीपायी माझ्याहून धार्मिक झाले. गाठ तेवढी नास्तिक. अमावास्येलाही वाढत होती.

मी डॉक्टरला फोन केला. हळदीचं विचारलं.

"माझी आईही तेच विचारते," कामाक्षी म्हणाली. "बशीत काम होतं हे खरं आहे, मी वाचते ते. पण पोटात गेलेल्यातलं टॉन्सिलपर्यंत फारच थोडं पोचतं. माणसांवरचे भरवशाचे निकाल आले तर मीच लिहून देईन. तोवर रसममध्ये घाला, दुधात घाला. अर्काच्या गोळ्या मात्र नकोत. हळद असो की ग्रीन टी, जास्त झाल्या तर कुणाकुणाचं यकृत बिघडतं. मग मी केमो कशी देऊ?" वर म्हणाली, "अजून दोन-तीन आठवडे गेले तर सोपं होतं ते अवघड होईल. त्यांना आणा."

पुढच्या रविवारी वन्सं आणि क्षितिज जेवायला आले. मुखवट्याची नवी तारीख सोमवारची होती. चातुर्मासात माझं मौनभोजन असतं. जेवताना बोलायचं नाही, बोललं तर पानावरून उठायचं. ही सोय आमच्या घरात सगळ्यांना आवडते. माझ्यासमोर माझ्याशिवाय सगळं बोलता येतं.

क्षितिजने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. "मामा, अमेरिकेहून मागवल्यात. पंचाण्णव टक्के अर्क."

"बघ," वन्सं म्हणाल्या, "आपल्याच हळदीला अमेरिका फिरून यावं लागलं. दादा, उद्याचं रद्द कर. गळा भाजून घ्यायचं वय आहे का तुझं?"

"तेच म्हणतोय," हे म्हणाले. "महिनाभर ह्या घेऊन बघू." आणि बाटली हातात घेतली.

"आणि डॉक्टर विषाणू म्हणतात म्हणजे काय? ज्याला त्याला विषाणू." वन्संच्या मते विषाणू हा सर्दीचा थोरला भाऊ. "आमचा दादा बाहेरचा चहा पीत नाही. त्याला आला कुठून? क्षितिज, तू वाचलंस ना? कसा येतो?"

क्षितिजने सांबारात तोंड घातलं. त्याचे कान लाल झाले. "असंच, आई. संपर्कातून."

"कसला संपर्क?"

ह्यांचा घास हातातच राहिला. मानही वर होईना. तेव्हा मला कळलं, हे किरणांना भीत नव्हते. दवाखान्यात हा प्रश्न विचारतात. हळद विचारत नाही.

मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, "वन्सं, हा नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. ह्यांना माझ्याकडून आला असेल."

क्षितिजला ठसका लागला.

"वहिनी, तुमचं मौन," वन्सं म्हणाल्या. बहुधा त्यांना पहिल्यांदा हाताशी तेवढंच आलं.

"मोडलं."

"अहो, पण तुमच्याकडून? तुम्ही इतकं सोवळंओवळं..."

"विषाणूला सोवळं कळत नाही. त्याला घसा कळतो. मला कुठून आला असेल तेही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, पण आधी जेवून घ्या. भात गार होतोय."

मी पानावरून उठले. जाताना ह्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. त्यांनी सोडली.

वन्संनी काही विचारलं नाही. दहीभात मात्र दोनदा घेतला.

भांडी घासताना हे ओट्यापाशी येऊन उभे राहिले. तसे ते तिकडे फक्त चहा मागायला येतात.

"तू उगाच स्वतःवर घेतलंस."

"घेतलं कुठे? तुमच्याकडून की माझ्याकडून, डॉक्टरला माहीत नाही, तुम्हाला नाही, मला नाही. मग निम्मं माझं."

"लग्नाआधी मी भुसावळला असताना एकदा..."

"अहो, मला नका सांगू. कामाक्षीलाही नकोय. तिला तुमची फक्त मान हवी आहे."

हे बराच वेळ ताट पुसत राहिले. ते आधीच पुसलेलं होतं. मग म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

नात्यात बातमी पसरायला वन्संना फार वेळ लागला नाही. आवडीच्या भजनीमंडळात माझी जागा अजून आहे. फक्त शेजारची जरा ऐसपैस झाली आहे. बरं पडतं, गुडघे पसरता येतात.

पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दवाखान्यात गर्दी होती. शेजारी एक गृहस्थ बायकोला घेऊन बसले होते. गालाला पट्टी. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी तमिळमध्ये ह्यांना विचारलं, "पान-तंबाखू?"

हे सहज म्हणाले, "नाही. विषाणू."

"अच्छा. तो कशाने येतो?"

ह्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. "लग्न केल्याने," म्हणाले.

त्या गृहस्थांनी समजल्यासारखी मान हलवली आणि बायकोपासून थोडं सरकून बसले. तेवढ्यात आतून ह्यांचं नाव पुकारलं, आणि हे मुखवटा बसवायला उठले.