मालिनी नावाची गिटार

निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, असं सुलभाकाकूच म्हणाल्या होत्या. त्यांच्या मनात टोमॅटोची रोपं होती. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीचे हार्ट सर्जन, त्यांचे यजमान प्रताप देवस्थळी यांनी मात्र पासष्टाव्या वर्षी गिटार आणली आणि कम्युनिटी सेंटरमध्ये ब्लूज संगीत शिकायला जाऊ लागले. हौसेला मोल नसतं म्हणतात; घरातल्यांच्या कानांचं काय, ते कुणी सांगत नाही.

अर्ल नावाच्या त्यांच्या मास्तरांनी एक दिवस सांगितलं, की ब्लूजवाले आपल्या गिटारला बाईचं नाव देतात, त्याशिवाय ती मनातलं बोलत नाही. प्रतापरावांनी हे प्रिस्क्रिप्शनसारखं मानलं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी काकू चिवडा परतत होत्या. प्रतापराव महाराष्ट्र मंडळाच्या नंदूशी फोनवर बोलत होते. "प्रोग्रॅममध्ये आम्हाला पाच मिनिटं दे रे. मी आणि मालिनी. माझी गिटार!"

काकूंच्या हातातला झारा थांबला.

मालिनी म्हणजे काकूच; ते त्यांचं माहेरचं नाव. चौतीस वर्षांपूर्वी सांगलीत लग्न लागलं, तेव्हा प्रतापरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुलभा' लिहिलं होतं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. मालिनीला कुणी विचारलं नव्हतं. पुढे अमेरिकेत एम.एस्सी.च्या सर्टिफिकेटवरची मालिनी आणि पासपोर्टवरची सुलभा एकच बाई आहे, असं अ‍ॅफिडेव्हिट काकूंना जाईल तिथे दाखवावं लागलं. आणि एवढं करून नवऱ्यानं 'सुलभा' अशी हाक कधी मारलीच नाही. त्यांचं सगळं 'अगं'वर भागलं.

यांना नाव आठवतंय, या विचारानं काकूंना मिनिटभर फार बरं वाटलं. दुसऱ्या मिनिटाला तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, माझं नाव त्या लाकडाला दिलंत?"

"अगं, प्रेमानं दिलं! तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"लग्नात दोनशे माणसांसमोर माझं नाव पुसलंत. इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंत? आणि आता तिला दिलंत? मला ते परत हवंय."

काकूंनी ताट काढलं, त्यात डब्यातला बासमती ओतला. प्रतापरावांची अंगठी बोटात रुतली होती, ती साबण लावून काढली.

"लिहा. तिचं नवं नाव, सुलभा. तिला चालेल. तिलाही कुणी विचारलेलं नाहीये."

प्रतापरावांनी निमूट लिहिलं. डॉक्टरी अक्षर होतं, वाचता येईना. काकूंनी तांदूळ हलवून पुन्हा लिहायला लावलं.

"आणि तुला काय म्हणू?"

"लग्नाआधी जे नाव होतं ते. हाक मारून दाखवा."

हजारो छात्या उघडलेल्या त्या माणसाच्या तोंडून 'म'च्या पुढे काही येईना. कान लाल झाले. "सवय नाही गं," ते पुटपुटले.

"गिटारला बरी सवय झाली," काकू म्हणाल्या आणि चिवड्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते, पण मिरच्यांचं निमित्त होतं.

पुढचा आठवडाभर प्रतापराव गराजमध्ये काहीतरी घोकत होते. कार्यक्रमात त्यांनी 'सुलभा' म्हणून गिटारची ओळख करून दिली. लोक हसले, मग त्यांनी वाजवायला घेतल्यावर हसू थांबलं. काकू तिसऱ्या रांगेत बसून होत्या. 'मालिनी' ही हाक मात्र अजून आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेपर वाचत होत्या.

"मालिनी," दिवाणखान्यातून आवाज आला, "चहा टाकतेस?"

काकूंनी आधी कोपऱ्यात पाहिलं. गिटार पेटीत बंद होती. म्हणजे हाक त्यांनाच होती. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

नवऱ्याचं नाव त्यांनी आजवर फक्त उखाण्यात घेतलं होतं.

"प्रताप," त्या म्हणाल्या, "आज तू टाक."